यादीत नाव

'१९७१' हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो दीडपट वेगाने. इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष, कुणाच्या तरी हार्ड डिस्कवरून आलेली फाइल आणि दुसऱ्या दिवशी सबमिशन. मनोज वाजपेयी आहे एवढंच माहीत होतं. छावणीतली बोलणी पुढे ढकलली, पळापळ सुरू झाली तिथून नीट पाहिलं, शेवट पाहून "काय राव" म्हणालो आणि जर्नल पुरं करायला बसलो.

दुसऱ्यांदा पाहिला तो लॉकडाउनमध्ये, साताऱ्याच्या घरी, आईबाबांबरोबर. टीव्हीवर पाहत असल्याने वेग वाढवायची सोय नव्हती. त्यानंतर पुण्यात रूममेट्सबरोबर तिसऱ्यांदा. एकच सिनेमा तीन वेळा पाहण्याइतका मी सिनेमावेडा नाही. पण प्रत्येक वेळी माणसं जे बोलली ते डोक्यात राहिलं, आणि ते तपासता तपासता मी खऱ्या १९७१पर्यंत पोचलो. हा लेख त्याबद्दल आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: २००७ साली आलेला, अमृत सागर यांनी दिग्दर्शित केलेला हा सिनेमा. गोष्ट १९७७ सालातली. युद्ध संपून सहा वर्षं झाली आहेत, तरी सहा भारतीय युद्धकैदी अजून पाकिस्तानातच आहेत आणि ते छावणीतून पळायचं ठरवतात. थिएटरात कधी आला आणि कधी गेला कळलंही नाही. मग सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि पुढे यूट्यूबवर आल्यावर माझ्या वयाच्या लोकांनी तो शोधून काढला. शेवट सुखाचा नाही, एवढं सांगितलं तर चालेल.

आता मतं. एक रूममेट म्हणाला, "सेकंड हाफ जबरदस्त, पण शेवट डाऊन करतो. एवढं पळाले तर पोचायला पाहिजे होते." दुसरा म्हणाला, "मला पटलंच नाही. खरंच एवढे हुशार असते तर सहा वर्षं वाट कशाला बघत बसले?" बाबांचा प्रश्न सरळ होता. "पाकिस्तानचे त्र्याण्णव हजार आपल्या ताब्यात होते ना? मग आपले का नाही मागून घेतले?" आई शेवटपर्यंत काही बोलली नाही. टीव्ही बंद केल्यावर म्हणाली, "यांच्या घरच्यांना काय सांगितलं असेल रे?"

रूममेट्सच्या प्रश्नांपासून सुरुवात करतो, कारण खरोखर पळालेली माणसं होती, आणि त्यांतला एक मराठी होता.

फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर. १९६५च्या युद्धात खांद्याला गोळी लागलेली असताना मोडकं विमान परत आणलेला वैमानिक. १० डिसेंबर १९७१ला त्यांचं सुखोई-७ विमान पाडलं गेलं आणि ते पाकिस्तानच्या हाती लागले. आपण कधी पकडलो गेलो तर पळून जाणार, असं त्यांनी युद्धाआधीच वरिष्ठांना सांगून ठेवलं होतं. आपल्यापैकी बरेच जण असलं काही चहा पिताना बोलतात. या माणसाने ते खरं केलं.

रावळपिंडीच्या छावणीत भारतीय हवाई दलाचे बारा अधिकारी होते. परुळकरांबरोबर मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी तयार झाले. शाळेच्या ॲटलासमधून नकाशा घेतला, सुई चुंबकित करून होकायंत्र बनवलं आणि मिळतील त्या हत्यारांनी कोठडीच्या भिंतीतल्या विटा एकेक सोडवायला घेतल्या. खोलीत राहिलेल्यांनी पहारा दिला. पळणारे तीन होते, पण पळण्याचं काम त्याहून जास्त माणसांनी केलं. १२ ऑगस्ट १९७२च्या रात्री ते भिंतीच्या भोकातून बाहेर पडले. चौदा ऑगस्टच्या सुट्टीमुळे पहारा ढिला असेल हा हिशोब होता.

बाहेर आल्यावर ते काय करतात? मशीनगन हिसकावत नाहीत, ट्रक उडवत नाहीत. पेशावरची बस पकडतात. पुढे टांगा, मग पायपीट, पुन्हा बस. कुणी विचारलं तर आपण पाकिस्तानी हवाई दलातले ख्रिस्ती सैनिक आहोत, सुट्टीवर फिरायला आलोय, असं सांगायचं ठरलं होतं. सकाळी ते खैबर खिंडीत लंडी कोतलला पोचले. अफगाणिस्तानची सरहद्द तिथून जेमतेम चार मैलांवर.

आणि तिथे त्यांनी चहाच्या दुकानात विचारलं, "लंडी खाना किती लांब आहे?"

नकाशात लंडी खाना हे सरहद्दीजवळचं शेवटचं रेल्वे स्टेशन होतं. प्रत्यक्षात तिथली गाडी १९३२ सालीच बंद पडली होती. चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या स्टेशनची चौकशी करणारे तीन अनोळखी तरुण. तहसील कचेरीतल्या एका कारकुनाला संशय आला. तो संशयही ते भारतीय असल्याचा नव्हता. त्या वर्षी पश्चिम पाकिस्तानात अडकलेले बंगाली लोक याच वाटेने अफगाणिस्तानात निसटत होते. हे तिघे बंगालीच असावेत असं त्याला वाटलं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो. माझा पगार ज्या कामाचा आहे त्यात निम्मा त्रास याच गोष्टीचा असतो. कोड बरोबर, लॉजिक बरोबर, टेस्ट पास, आणि प्रोग्रॅम कोसळतो कारण कुठल्या तरी जुन्या डॉक्युमेंटमध्ये एक नाव लिहिलेलं राहिलं, जे प्रत्यक्षात कधीच काढून टाकलंय. आमच्याकडे असं झालं की रात्री दोनला फोन येतो. त्यांच्याकडे झालं तेव्हा बंदुका रोखल्या गेल्या.

आदिवासी पट्ट्यात पकडलेल्या संशयिताचं काय होईल याची खात्री नव्हती. परुळकरांनी सुचलं ते केलं. पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचे एडीसी स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद यांना फोन लावा, म्हणाले. हे उस्मान आधी रावळपिंडीच्या त्याच छावणीचे प्रमुख होते आणि कैद्यांशी माणुसकीने वागलेले होते. फोनवर काय घडलंय हे त्यांच्या लक्षात आलं. ही आमचीच माणसं आहेत, धरून ठेवा पण हात लावू नका, असं त्यांनी सांगितलं. तिघे वाचले.

पुढे एकांतवासाची शिक्षा झाली, मग सगळ्या कैद्यांना लायलपूरच्या तुरुंगात हलवलं, आणि १ डिसेंबर १९७२ला सहाशेहून अधिक भारतीय युद्धकैदी वाघ्याला सरहद्द ओलांडून परत आले. त्यांत हे तिघेही होते. म्हणजे त्या रात्री ते पळालेच नसते तरीही साडेतीन महिन्यांनी घरी आले असते. माझा रूममेट हे ऐकून हसला. "मग फुकटच की सगळं!" त्यांना ते माहीत नव्हतं, एवढंच मी म्हणालो. युद्ध संपून आठ महिने झाले होते, सिमला करार होऊनही महिना उलटला होता, आणि सुटकेचं नाव नव्हतं.

पण रूममेटच्या हसण्यामुळे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ही गोष्ट आपण हसत ऐकू शकतो, कारण ती हसण्याजोगी संपली. ती तशी का संपली?

उस्मान हमीद भला माणूस होता हे एक कारण. दुसरं कारण कोरडं आहे. या बारा जणांची नावं युद्धकैद्यांच्या यादीत होती. रेड क्रॉसला ती माहीत होती. घरी पत्रं जात होती, घरून येत होती. १९४९च्या जिनिव्हा करारानुसार पळताना पकडलेल्या युद्धकैद्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते, तीही जास्तीत जास्त तीस दिवसांची. पळून जाणं हा युद्धकैद्याचा गुन्हा मानला जात नाही. पण हे सगळं लागू व्हायला तुम्ही आधी युद्धकैदी आहात अशी नोंद लागते.

नोंद असली म्हणजे माणूस वाचतोच असं नाही. 'द ग्रेट एस्केप' हा १९६३चा सिनेमा बऱ्याच जणांनी स्टीव्ह मॅक्वीनच्या मोटरसायकलसाठी पाहिलेला असतो. ती मोटरसायकल खऱ्या घटनेत नव्हतीच. मार्च १९४४मध्ये जर्मनांच्या छावणीतून भुयारातून ७६ जण बाहेर पडले, तिघे सुटले, ७३ पकडले गेले आणि त्यांतल्या ५० जणांना हिटलरच्या हुकमाने गोळ्या घातल्या. त्यांचीही नावं यादीत होती, नियम तेव्हाही जवळपास हाच होता. फरक एवढाच पडला की युद्ध संपल्यावर त्या पन्नास नावांचा हिशोब मागता आला. ब्रिटिश हवाई दलाच्या तपास पथकाने मारेकरी शोधले, १९४७मध्ये हॅम्बुर्गला खटला चालला आणि फाशीच्या शिक्षा झाल्या.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येतो. त्र्याण्णव हजार होते हे खरं. पण ते पूर्व आघाडीवर भारत आणि बांगलादेशच्या संयुक्त कमांडपुढे शरण आले होते. त्यांची सुटका बांगलादेशच्या मान्यतेत आणि युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांच्या प्रश्नात अडकली आणि १९७४पर्यंत चालली. पश्चिम आघाडीवरच्या कैद्यांची अदलाबदल त्याआधीच झाली होती. ज्यांची नोंद होती ते आले. ज्यांची नव्हती त्यांच्याबद्दल पाकिस्तानचं उत्तर तेव्हापासून आजपर्यंत एकच आहे: आमच्याकडे कुणी नाही.

अशा न आलेल्यांची भारताची यादी ५४ जणांची आहे. सिनेमातले सहा जण या यादीतून सुचलेले आहेत. आणि या यादीतलं एक नाव आहे फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे.

तेही सुखोई-७ उडवायचे. ५ डिसेंबर १९७१ला, म्हणजे परुळकरांच्या पाच दिवस आधी, शोरकोटच्या विमानतळावर हल्ल्याला गेले आणि परतले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पकडलेल्या भारतीय वैमानिकांमध्ये तांबे यांच्याशी मिळतंजुळतं नाव एका पाकिस्तानी वृत्तपत्रात छापून आलं होतं, हा कुटुंबाच्या आशेचा पहिला धागा. पुढे १९७९मध्ये सरकारने संसदेत बेपत्ता सैनिकांची नावं दिली. १९८३मध्ये काही नातेवाइकांना पाकिस्तानात जाऊन तुरुंग पाहू दिला गेला. २००७मध्ये चौदा नातेवाईक पुन्हा गेले, वेगवेगळ्या तुरुंगांतली दफ्तरं पाहून आले. हाती काही लागलं नाही. दमयंती तांबे या सगळ्या धडपडीत होत्या.

चौपन्न जणांची गोष्ट एकसारखी नसणार हे कबूल करायला हवं. काही जण त्या धुमश्चक्रीतच गेले असतील. काहींबद्दलचे धागे पक्के वाटतात. मेजर अशोक सुरी यांच्या वडिलांना तर १९७४च्या डिसेंबरातलं, मुलाच्या अक्षरातलं पत्र आलं होतं. सिनेमाला हे सगळं घोळदार प्रकरण एका छावणीत आणि एका पळापळीत बसवावं लागलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या पळापळीमुळेच तर मी थांबलो.

पण आता दुसऱ्या रूममेटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. "सहा वर्षं वाट कशाला बघत बसले?" परुळकर पळाले तेव्हा भिंतीच्या दोन्ही बाजूंना त्यांना ओळखणारं कुणीतरी होतं. पकडले गेल्यावर फोन लावायला एक नाव होतं. ज्याची कैदी म्हणून नोंदच नाही तो पकडला गेला तर तो कुणाचाच नाही. त्याला मारलं तर एकही आकडा बदलत नाही. सिनेमातली ती माणसं कुंपणाला घाबरून बसलेली नाहीत. पलीकडे पोचून आपण कोण हे सिद्ध कसं करायचं, हाही त्यांच्यापुढचा प्रश्न आहे. ही गोष्ट दीडपट वेगात दिसत नाही. मला तरी दिसली नव्हती.

२०२५च्या ऑगस्टमध्ये ग्रुप कॅप्टन परुळकर पुण्याजवळ वारले. बातमी मोबाइलवर आली तेव्हा मी स्टँडअप मीटिंगमध्ये होतो. त्यांच्या पलायनाला बरोबर त्रेपन्न वर्षं होत होती. मी ती बातमी आमच्या तिघांच्या ग्रुपवर टाकली. 'शेवट डाऊन करतो' म्हणणाऱ्याने लिहिलं, "हा माणूस इथे आपल्या शेजारी राहत होता आणि आपण मॅक्वीनची मोटरसायकल बघत होतो."

त्या रात्री घरी फोन केला. बाबांना लंडी खानाची गोष्ट सांगितली, त्यांना ती फार आवडली. मग फोन आईकडे गेला. तिचा प्रश्न मी विसरलो नव्हतो. तांब्यांबद्दल सांगितलं. पत्र नाही, निरोप नाही, फक्त 'बेपत्ता' एवढा शब्द घेऊन एक बाई कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिली, हे सांगितलं. आई थोडा वेळ काही बोलली नाही.

"मग पुढे काय केलं त्यांनी? खेळल्या का परत?"

मी म्हणालो, दिल्लीला जेएनयूत खेळांचं खातं सांभाळलं, निवृत्त होईपर्यंत.

"आणि कुंकू?" आईने विचारलं. मग माझ्या उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणाली, "जाऊ दे. ते विचारू नये कुणी."