गोठवण्याचा उपचार: शहागडहून धाराशिवकडे जाणारा एक रस्ता

संशोधनाचा विषय कधी कधी घरातच सापडतो. शहागडला गोदाकाठी राहणारे माझे एक काका. लघवीच्या तक्रारीसाठी तपासणी झाली, पीएसए वाढलेला निघाला, बायोप्सी झाली. निदान: प्रोस्टेटचा कर्करोग, कमी जोखमीचा. कुणीतरी त्यांना सांगितलं की गाठ बर्फासारखी गोठवून मारतात, कापावं लागत नाही. काकांनी मला विचारलं, "तू पीएचडी करतोस ना, मग हे खरं आहे का ते सांग." मी इतिहासाचा विद्यार्थी, डॉक्टर नाही. पण एखादा उपचार कुठून आला हे तर शोधता येतं!

तर ऐका. 1840 ते 1850च्या दशकांत इंग्लंडमध्ये जेम्स आर्नॉट हा डॉक्टर बर्फ आणि मिठाचं मिश्रण स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या गाठींवर लावत होता. वेदना कमी व्हायच्या, गाठ थोडी आक्रसायची. पुढे 1961च्या सुमारास न्यूयॉर्कच्या आयर्विंग कूपरने द्रवरूप नायट्रोजन आत खेळवणारी नळी बनवली आणि त्याच दशकात ती प्रोस्टेटपर्यंत पोहोचली. पण आत किती गोठतंय ते दिसतच नव्हतं, त्यामुळे मूत्रमार्गाला इजा व्हायची. 1990च्या दशकात गॅरी ओनिकने सोनोग्राफीवर बर्फाचा गोळा वाढताना पाहत सुया घालायला सुरुवात केली, तेव्हा ही पद्धत पुन्हा उभी राहिली.

आता इथे थांबा. शोधनिबंध वाचताना सगळ्यात आधी एकच विचारा: तुलना कशाशी केली? 2010 मध्ये कॅनडातल्या 244 पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोठवणं विरुद्ध किरणोपचार. रोग आटोक्यात ठेवण्यात मोठा फरक दिसला नाही, लैंगिक क्षमता मात्र गोठवण्यानंतर जास्त बिघडली. वाचून वाटतं, बरं, दोन्ही चालतात. पण काहीच न करता लक्ष ठेवलं असतं तर? तो गट त्यात नव्हताच. तो होता ब्रिटनच्या प्रोटेक्ट चाचणीत: 1,643 पुरुष, शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा नुसतं लक्ष ठेवणं. 2023 मध्ये पंधरा वर्षांचे निष्कर्ष आले. प्रोस्टेटच्या कर्करोगाने मरण पावलेले एकूण फक्त 2.7 टक्के, आणि तिन्ही गटांत फारसा फरक नाही. म्हणजे कमी जोखमीच्या माणसासाठी गोठवण्याची स्पर्धा किरणांशी नाही, थांबण्याशी आहे.

हे शोधताना मला एक गोष्ट अनपेक्षितपणे सापडली. शहागडहून गेवराई, बीड, चौसाळा असं येरमाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, म्हणजे आपल्याच मराठवाड्यात, गोठवण्याचा उपचार वीसएक वर्षांपूर्वीच येऊन गेला होता. पण पुरुषांसाठी नाही, बायकांसाठी.

याची सुरुवात 1987 पासून बार्शीला झाली. तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी उभी राहिली. कस्तुरी जयंत यांचं त्यातलं काम मुळातून वाचा. रुग्ण दवाखान्यात येईल आणि मग नोंद करू, असं म्हटलं असतं तर नोंदवही कोरीच राहिली असती. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरून लक्षणं विचारत. (फील्डवर्कला कंटाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, मीही त्यात आलो.)

याच पायावर 1999 मध्ये उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात मोठी चाचणी सुरू झाली. 52 गावसमूह, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया. तीन गटांना तीन वेगळ्या तपासण्या: एचपीव्ही, पेशीतपासणी, आणि ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणं. गर्भाशयमुखावर कर्करोगापूर्वीचे बदल सापडले तर ते गोठवून किंवा विजेच्या तारेच्या फासाने काढून टाकत. चौथ्या गटाला तपासणी नाही, फक्त माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा. 2009 मध्ये शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. नेने आणि सहकाऱ्यांनी निकाल छापला: एचपीव्ही गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने 34 मृत्यू, चौथ्या गटात 64. दोन्ही गटांत साधारण तेवढ्याच स्त्रिया होत्या, 34,126 आणि 31,488. एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर! इतर दोन तपासण्यांत तशी ठोस घट दिसली नाही.

आणि इथेच वाद पेटला. चौथ्या गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का? बचाव असा की तेव्हा या भागात कुणाचीच तपासणी होत नव्हती, म्हणजे कुणाकडून काही काढून घेतलं नाही. आक्षेप असा की तपासणीने जीव वाचतात हे पाश्चात्त्य देशांत आधीच दिसलं होतं. माझं मत आक्षेपाकडे झुकतं, पण पूर्ण नाही, कारण एचपीव्ही तपासणीच्या बाजूचा जगभर वापरला जाणारा पुरावा याच गावांतून आला. प्रोटेक्टमधला लक्ष ठेवण्याचा गट मला तसा खुपत नाही: तिथे कोणता मार्ग चांगला हे खरोखरच कुणाला माहीत नव्हतं, आणि त्या पुरुषांची रक्ततपासणी नियमित होत होती. म्हणून "उपचाराविना गट" हे शब्द दिसले की त्या गटाला नेमकं काय मिळत होतं ते पद्धतीच्या प्रकरणात जाऊन वाचा. सारांशात ते सापडत नाही.

काकांना मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो की गोठवतात हे खरं आहे, पण लक्ष ठेवून थांबणं हाही पर्याय आहे, डॉक्टरांना तोच विचारा. त्यांनी विचारलं. आता दर सहा महिन्यांनी पीएसए होतो आणि रिपोर्टचा फोटो मला व्हॉट्सॲपवर येतो. काकूंची तपासणी कधी झाली होती का, हे मात्र मी अजून विचारलेलं नाही.