चार बोटांचे अंतर

कान आणि डोळा यांत चार बोटांचे अंतर, असे आपल्याकडे म्हणतात. ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, हा त्याचा आशय. मेंदू मात्र हे अंतर फारसे मानत नाही. आमच्या भोपाळच्या एम्समध्येही आता कर्णबधिर बालकांवर कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया होते. त्या निमित्ताने डोळा व कान यांच्या या सख्याचा इतिहास थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

इ.स. १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. तिने खुणांच्या भाषेविरुद्ध आणि ओठांवरून बोलणे ओळखण्याच्या बाजूने कौल दिला. त्याच दशकात मुंबईस माझगाव येथे बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने बधिरांची शाळा निघाली. कानाचे काम डोळ्याने करावे, अशी त्या काळाची अपेक्षा होती. खुणांची भाषा अनेक शाळांतून हद्दपार झाली आणि कित्येक पिढ्यांनी त्याची किंमत मोजली.

पुढे कानाचीच वाट उघडण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९५७ साली पॅरिसमध्ये जुर्नो व एरिएस यांनी एका बहिऱ्या रुग्णाच्या श्रवणमज्जेस विजेने चेतना दिली. १९७८ साली मेलबर्न येथे ग्रॅहम क्लार्क यांनी अनेक विद्युत्अग्रांचे यंत्र बसविले. क्लार्क यांचे वडील स्वतः कानाने अधू होते. निरोगी अंतःकर्णात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे साडेतीन हजार पेशी असतात. क्लार्क यांच्या पद्धतीच्या यंत्रात त्यांचे काम अवघी २२ अग्रे करतात. साहजिकच ऐकू येणारा आवाज ढोबळ असतो आणि उणीव भरून काढण्यासाठी मेंदू डोळ्याकडे धाव घेतो.

हे साहाय्य किती खोलवर जाते, हे १९७६ साली मॅकगर्क व मॅकडोनल्ड यांनी दाखविले. कानी 'बा' पडावा आणि समोरच्या ओठांनी 'गा' उच्चारावा, तर बहुतेकांना 'दा' ऐकू येतो! २००५ साली अमेरिकेत इम्प्लांट बसविलेल्या मुलांवर हाच प्रयोग झाला. अडीच वर्षांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत असा मेळ अधिक आढळला. उशिरा झालेली मुले बहुधा डोळ्याचेच ऐकत होती. याउलट, भाषा आत्मसात झाल्यावर बहिरे झालेल्या प्रौढांनी हा मेळ उत्तम साधल्याचे २००७ साली फ्रान्समधील अभ्यासात दिसले. त्यांच्या मेंदूत ही जोडणी बालपणीच झालेली होती.

इम्प्लांटनंतर शिकविताना काही प्रशिक्षक तोंडासमोर हात धरतात. नुसत्या कानाचा सराव व्हावा, हा त्यांचा हेतू रास्त आहे. दूरध्वनीवर ओठ कोठे दिसतात? परंतु डोळा कानाचा वैरी आहे, असे मात्र यातून कोणी मानू नये. घरात बाळाशी समोरासमोर, उजेडात बसून बोलावे.

केंद्राच्या एडिप योजनेत २०१४ साली या यंत्रासाठी सहा लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली. शासकीय सेवेत आयुष्य गेल्याने आम्हांस एवढे ठाऊक आहे की, अडलेली फाईल उशिरा का होईना, हलते. मुलाचे वय मात्र कोणासाठी थांबत नाही. आणि अनेकदा विलंब कचेरीत नव्हे, घरातच होतो. "त्याचे आजोबाही उशिराच बोलू लागले होते," असे म्हणून आपण वडीलधारी मंडळीच सुनेला धीर देतो आणि त्यात वर्ष निघून जाते. नवजात बालकाच्या कानाची प्राथमिक तपासणी काही मिनिटांत होते, तिला मुळीच वेदना नसतात. ती करून घ्यावी. दोष निघाला तर पुढची वाट वेळेत धरता येईल. न निघाला तर आजोबांची आठवण खुशाल सांगावी.