गेटवरचा वॉचमन आणि स्टोअरमधले काका

परवा ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना पावणे एमआयडीसीची पाटी दिसली आणि पहिली नोकरी आठवली. साल २००३. कंपनीचं नाव नको, कारण चूक सर्वस्वी माझी होती.

डीलर लोकांसाठी मी ऑर्डरचा वेब फॉर्म केला होता. नग शून्यापेक्षा जास्तच हवेत, ही तपासणी ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने केलेली. सर्व्हरवर काहीच नाही. एका डीलरच्या मशीनवर जावास्क्रिप्ट बंद होतं. त्याच्या ऑर्डरीत एका ओळीवर 'उणे पाच नग' आले आणि बिल तेवढ्याने कमी झालं! पकडलं स्टोअरमधल्या काकांनी. "उणे पाच डबे रॅकवरून काढू कसे रे?"

"काका, ब्राउझरमध्ये तपासलंय हो," मी म्हणालो. त्यांनी गेटकडे बोट दाखवलं. "वॉचमन चलन बघून गाडी आत सोडतो. म्हणून मी माल मोजायचा नाही का?"

मंडळी, मी असा का फसलो, हे समजायला थोडं मागे जायला हवं. वेबवर फॉर्म आले तेव्हा सगळी तपासणी सर्व्हरवरच व्हायची. फॉर्म भरा, पाठवा, वाट बघा आणि मग कळायचं की पिनकोडचा एक आकडा राहिला! आपल्याकडे व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट खुलं केलं. डायल-अपवर अशी प्रत्येक खेप म्हणजे वेळ आणि पैसा. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रेंडन आइकने नेटस्केपसाठी दहा दिवसांत एका नव्या भाषेचा पहिला नमुना लिहिला. डिसेंबरात ती जावास्क्रिप्ट या नावाने जाहीर झाली. आता चूक जागच्या जागी दिसू लागली. आम्हाला वाटलं, संपलं काम!

पण ब्राउझर असतो समोरच्याच्या हातात. तो जावास्क्रिप्ट बंद करू शकतो, किंवा फॉर्मला बगल देऊन थेट सर्व्हरकडे हवं ते पाठवू शकतो. १९९८च्या डिसेंबरात 'फ्रॅक' या ई-मासिकात जेफ फॉरिस्टलने दाखवलं, की रकान्यात डेटाबेसचा हुकूमच लिहून पाठवता येतो. वसईच्या डिसोझांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'डी'नंतर अपॉस्ट्रॉफी असतो ना? बेफिकीर प्रोग्रॅममध्ये डेटाबेसला वाटतं, नाव तिथेच संपलं. पुढचं सारं तो हुकूम समजतो. बिचाऱ्या साध्या डिसोझांचा फॉर्म अडतो आणि लबाडाला वाट मिळते. यावर उपाय म्हणून काहींनी ते चिन्हच नाकारलं. पण डिसोझांनी आपलं नाव का बदलावं? खरा उपाय म्हणजे हुकूम आणि माहिती डेटाबेसला वेगवेगळी देणं, आणि ते काम सर्व्हरवरचंच.

२०१४मध्ये एचटीएमएल ५ अधिकृत मानक झालं. रिकामा रकाना, चुकीच्या घाटाचा ईमेल, हे ब्राउझर आता जावास्क्रिप्टशिवायही ओळखतो. सोय मोठीच, पण ती गेटवरची. भरणाऱ्याचा त्रास वाचावा म्हणून.

त्या रात्री थांबून मी सर्व्हरवरची तपासणी लिहिली. सकाळी काकांना चहा पाजला. आजही फॉर्म करताना आधी स्टोअरमधली मोजणी लिहितो, मग गेटवरची.

असो. तुमचेही असे घोळ असतील, तर जरूर लिहा.