विहीर कुणाची, पाणी कुणाचं? वसईची एक जुनी लढाई

शुक्रवार पेठेतून बोलतेय.

गटाच्या बैठकीला गावोगावी जाते, तेव्हा उन्हाळ्यात एक प्रश्न हमखास निघतो. गावातल्या एकानं खोल बोअर मारलं, रात्रंदिवस मोटर चालू, टँकर भरून पाणी विकतोय आणि शेजारच्या आडाला तळ लागला. बाया म्हणतात, "ताई, विहीर त्याची, रान त्याचं, आपण काय बोलणार?" आज मी तुम्हाला ज्या भागाची गोष्ट सांगणार आहे, तिथं हाच प्रश्न पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी उभा राहिला होता. तो भाग म्हणजे वसई.

वसई मुंबईच्या उत्तरेला, आता पालघर जिल्ह्यात, पूर्वी ठाणे जिल्ह्यात. पोर्तुगीजांनी 1534 साली घेतलेली आणि चिमाजी अप्पांनी 1739 साली जिंकलेली ती वसई. पोर्तुगीज गेले, पण त्यांच्या काळात ख्रिस्ती झालेली माणसं तिथंच राहिली, कारण ती तिथलीच होती. शेती तीच, भाषा मराठीच. कुणी सामवेदी बोली बोलतं, कुणी वाडवळी. म्हाताऱ्या बायका लाल लुगडं नेसून चर्चला जायच्या. आपल्याकडं ख्रिस्ती म्हटलं की मिशनची शाळा आणि दवाखाना आठवतो. वसईतला ख्रिस्ती मात्र पिढ्यान्‌पिढ्या बागायतदार आहे. केळी, विड्याची पानं, फुलं, भाजीपाला हे त्याचं धन. तिथली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी, लांबवर नाव मिळवून आहेत.

ही सगळी बागायत विहिरींवर आणि बावखलांवर उभी. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरींना पाझर देतं. आपण आता शेततळं म्हणतो, त्याचीच ही आजी समजा. समुद्र आणि खाडी हाकेच्या अंतरावर असूनही विहिरीला गोडं पाणी, ही वसईची मोठी दौलत. पण ती नाजूक होती. समुद्राकाठच्या जमिनीत खाली खारं पाणी असतं, त्याच्या वर गोडं पाणी तरंगतं. गोडं पाणी मुरतं त्यापेक्षा जास्त उपसलं की खालचं खारं पाणी वर सरकतं. एकदा विहीर खारट झाली की पुन्हा गोडी व्हायला वर्षं लागतात, आणि कधी कधी ती होतच नाही.

मग 1988 साल आलं. तोवर वसईचा मोठा भाग हिरवा पट्टा म्हणून राखलेला होता. त्या साली राज्य सरकारनं त्यातली हजारो हेक्टर जमीन बांधकामाला खुली केली. 1990 साली या भागाच्या नियोजनाचं काम सिडकोकडं दिलं. मुंबईत घर न परवडणारी माणसं लोकल पकडून इकडं येऊ लागली, इमारतींवर इमारती उठल्या. माणसं आली, पण नळ आला नाही. लाखभर माणसांची तहान कुठून भागवायची? तर वाड्यांतल्या विहिरींतून. मोटरी बसल्या, टँकर लागले, पाण्याचा धंदा सुरू झाला. पैसा आला तशी दहशतही आली. त्या काळातली वसई-विरारची गुंडगिरी वर्तमानपत्रांत रोज गाजत होती.

आता सगळ्यात अवघड गोष्ट सांगते. टँकर बाहेरचा असला तरी विहिरीचं पाणी विकणारा पुष्कळदा गावातलाच होता. बागेत वर्षभर राबून जेवढं मिळत नव्हतं, तेवढं मोटरीचं बटण दाबून मिळत होतं. त्याला पापी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण पोरांच्या शिक्षणाला आणि घराच्या छपराला त्यालाही पैसा हवाच होता. आणि कायदा त्याच्या बाजूनं होता. इंग्रजांच्या काळातला 1882 चा एक कायदा आहे. त्याचा अर्थ थोडक्यात असा लावला गेला, की जमीन ज्याची, खालचं पाणी त्याचं. त्यानं किती उपसावं यावर आडकाठी नाही. मग शेजारणीची विहीर आटली, तर ती दाद कुठं मागणार? कागद तिच्या हातात नव्हताच. तिच्याजवळ होती ती फक्त माणसं.

ती माणसं एकत्र कुठं येत होती? दर रविवारी चर्चमध्ये. कॅथलिक लोक आपल्या चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला धर्मग्राम म्हणतात. एका धर्मग्रामात कुणाच्या घरी लग्न, कुणाचं दुखणं, कुणाचं कर्ज, सगळं सगळ्यांना ठाऊक असतं. पाणी विकणारा आणि विहीर आटलेली बाई एकाच मिस्सेला, एकाच छपराखाली बसणार. त्यामुळं तिथं पाण्याचा विषय काढणं जितकं जड, तितकंच ते उपयोगाचंही होतं. पोलीस चौकीत सांगण्यापेक्षा शेजाऱ्याच्या तोंडावर सांगितलेलं जास्त लागतं, हे आपण गटात थकीत हप्त्याच्या वेळी पाहतोच की.

चर्चमध्ये हा विषय निघावा अशी तयारीही आधी झाली होती. 1962 ते 1965 या काळात रोमला जगभरच्या बिशपांची मोठी परिषद झाली. तिच्यानंतर लॅटिनमधली उपासना लोकांच्या भाषेत आली, वसईत मराठीत. देवाशी बोलणं मराठीत झालं, तसं गावाचं दुखणं मांडणंही मराठीत झालं. गरिबाच्या न्यायासाठी उभं राहणं हा श्रद्धेचाच भाग आहे, असं धर्मगुरू उघड बोलू लागले. त्यांतलं एक नाव तुम्ही ऐकलं असेल : फादर फ्रान्सिस दिब्रिटो. नंदाखालचे, जन्म 1942 चा, 1972 साली धर्मगुरू झाले. 1983 पासून 2007 पर्यंत 'सुवार्ता' मासिकाचे ते संपादक होते. चर्चचं मासिक म्हणजे प्रार्थना आणि सणांच्या तारखा एवढंच, असं कुणाला वाटेल. त्यांनी त्यात साहित्य आणलं आणि समाजाचे प्रश्नही आणले.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि फादर दिब्रिटो तिचा चेहरा झाले. समितीत फक्त ख्रिस्ती नव्हते, हिंदू शेतकरी आणि कार्यकर्तेही होते. हे महत्त्वाचं, कारण खारट पाणी जात-धर्म विचारून विहिरीत शिरत नाही. सभा झाल्या, हजारोंचे मोर्चे निघाले, त्यात बायाही मोठ्या संख्येनं उतरल्या. पाण्याचा उपसा, वाड्यांची तोड आणि गुंडगिरी या तिन्हींविरुद्ध एकदम आवाज उठला. फादरांना धमक्या आल्या. पाद्र्यानं चर्च सांभाळावं, राजकारणात पडू नये, असंही लोक म्हणाले. मला विचाराल तर पाण्यासाठी भांडणं याला राजकारण म्हणणाऱ्यानं एकदा दोन हंडे घेऊन मैलभर चालून बघावं.

मोर्चापेक्षा मला त्यांचं कागदाचं काम जास्त मोलाचं वाटतं. आपल्या राज्यात शहराचा विकास आराखडा ठरतो, तेव्हा आधी तो प्रारूप म्हणून जाहीर करावा लागतो आणि ठरलेल्या मुदतीत लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात. ही नोटीस बहुतेक वेळा पेपरच्या कोपऱ्यात छापून येते आणि कुणाला कळायच्या आत मुदत संपते. वसईकरांनी ती वाचली, गावोगाव समजावून सांगितली आणि हरकती लिहून दिल्या. सही करता येणारी बाई घरात असेल तर अशी हरकत तीही देऊ शकते. त्यासाठी सातबारा तिच्या नावावर असावा लागत नाही.

जिंकले का, असं विचाराल. पुरतं नाही. आज वसई-विरारला गेलात तर इमारतीच दिसतील, पुष्कळ बावखलं बुजली. पण पश्चिमेच्या गावांत अजून वाड्या आहेत, केळी आहेत, मोगरा आहे. 3 जुलै 2009 ला वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हा आमची गावं त्यात नकोत म्हणून पुन्हा आंदोलन पेटलं. त्याच वर्षी त्या आंदोलनातून विवेक पंडित अपक्ष आमदार म्हणून निवडून आले. 2011 साली सरकारनं 29 गावं वगळण्याचा निर्णय घेतला आणि तो कोर्टात जाऊन अडकला.

आणि एक बोचणारी गोष्ट. विहिरी वाचवायच्या तर शहराला पाणी दुसरीकडून हवं. ते सूर्या धरणातून आलं. सूर्या प्रकल्प पालघरच्या आदिवासी भागातला, शेतीला पाणी मिळावं म्हणून झालेला. ते पाणी शहराकडं वळतंय म्हणून तिथल्या आदिवासींनीही आंदोलनं केली. एका गावाची तहान भागवताना दुसऱ्या गावाचं ताट ओढलं जातं का, हा प्रश्न उजनीच्या काठी राहणाऱ्या आपल्या बायांना नवा नाही. सोलापूर शहरात नळाला चार दिवसांनी पाणी येतं म्हणून मी कुरकुरते, तेव्हा उजनीत ज्यांची गावं बुडाली त्यांची आठवण मला ठेवावीच लागते.

वसई आपल्याला तितकी परकीही नाही. 1998 साली वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला, त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे. त्यांनी पीएचडी केली ती तुकोबांवर, आणि 2009 साली ते पुण्याचे बिशप झाले. आपलं सोलापूर त्याच पुणे धर्मप्रांतात येतं. फादर दिब्रिटोही आपल्या शेजारी येऊन गेले. जानेवारी 2020 मध्ये धाराशिवला 93 वं मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे ते अध्यक्ष होते. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून तेव्हाही काहींनी विरोध केला होता. 25 जुलै 2024 ला ते गेले.

आता कायद्याचं. वसईच्या बायांच्या हातात 1988 साली जो कागद नव्हता, तो आज तुमच्या हातात आहे. महाराष्ट्रानं 1993 साली पिण्याच्या पाण्यासाठी भूजल कायदा केला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, असं त्यानं ठरवलं. टंचाई जाहीर झाली तर जवळच्या विहिरींच्या उपशावरही बंधन घालता येतं. पुढं 2009 चा भूजल कायदा आला. त्यात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे, आणि 60 मीटर म्हणजे साधारण 200 फूट. आपल्या भागात ऊस-द्राक्षासाठी बोअर किती फुटांवर जातात ते तुम्हीच मला सांगता!

तर या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. गावच्या नळयोजनेची विहीर कुठली ते पाहा, तिच्या भोवती 500 मीटरच्या आत किती विहिरी-बोअर आहेत, त्यांतले नवे किती, ते मोजा आणि गटाच्या वहीत लिहून आणा. पुढच्या भागात ग्रामसभेत ठराव कसा मांडायचा आणि तहसीलला अर्ज कसा लिहायचा, ते मी ओळ न्‌ ओळ वाचून दाखवीन. वही-पेन घेऊन बसा. नमस्कार.