मोडीतला कार्डिओग्राम

झाशीचा किल्ला वाढवून शंकरगड बांधणाऱ्या नारो शंकरांच्या काळातील एखादे मोडी पत्र हाती आले, की भाषा आपलीच असूनही बाळबोधाला सरावलेला डोळा पहिल्याच ओळीत अडखळतो. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या निवृत्त रेल्वे अधिकाऱ्यांचा कार्डिओग्राम पाहताना मला त्याचीच आठवण झाली. त्यांना पेसमेकर बसविलेला. मध्यरात्री पोटात कळा आल्या म्हणून दवाखान्यात नेले; आलेखातील उलट्या लहरी पाहून हृदयविकाराचा झटका ठरला. मुलाला पुण्याहून बोलावून घेतले. सकाळी जुना आलेख शेजारी ठेवला, रक्ताची तपासणी पुन्हा झाली, तेव्हा निदान मागे घेण्यात आले.

ही चूक केवळ उतावळेपणाची नव्हे. पी, क्यू, आर, एस, टी ही लहरींची अक्षरे लायडनच्या आइंटहोव्हन यांची. १९२४ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना याच कार्याबद्दल मिळाले. ती वर्णमाला निसर्गाच्या ठोक्यासाठी होती. पुढे ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमजवळ शल्यवैद्य सेनिंग यांनी अभियंता एल्मक्विस्ट यांचे यंत्र आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसविले. ते काही तासांतच बंद पडले. लार्सन मात्र वीसहून अधिक यंत्रे वापरून २००१ पर्यंत जगले! आलेखाला आता दुसरा लेखक मिळाला होता.

या लेखकाचे वळण निराळे. त्याचा ठोका बहुधा हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात उठतो आणि स्नायूतून सावकाश पसरतो. म्हणून लहर रुंद उमटते, टी-लहर तिच्या विरुद्ध दिशेस जाते. आधीची बारीक उभी रेघ हीच यंत्राची खूण; पण कित्येक आधुनिक यंत्रांत ती दिसतही नाही.

खरी मौज पुढेच आहे. १९६९ मध्ये लंडनमधील आपले बंगाली वैद्य कानू चॅटर्जी व त्यांचे सहकारी यांनी दाखविले, की यंत्र थांबून हृदय स्वतःच्या वाटेने चालू लागले, तरी टी-लहर काही काळ उलटीच राहते. याला पुढे हृदयाची स्मृती म्हणू लागले. आमच्या शेजाऱ्यांना भोवली ती हीच.

उलट बाजूही तितकीच घातक. यंत्राच्या रुंद लहरीआड खरा झटका सहज लपतो. १९९६ मध्ये सगारबोसा यांनी त्यासाठी निकष मांडले. लहरीच्या विरुद्ध दिशेची उचल पाच मिलिमीटर वा अधिक असेल तर संशय घ्यावा, हा त्यांतला प्रमुख. निकष नसले तरी झटका नाही असे मात्र म्हणता येत नाही.

शेजाऱ्यांनी आता यंत्राचे कार्ड आणि जुना आलेख एका कापडी पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला टांगला आहे.