पूर्वजांच्या गांवीं

नाशकास किंवा त्र्यंबकेश्वरास गेलेला यात्रेकरू आपलें आडनांव आणि मूळ गांव सांगतो, आणि तीर्थोपाध्याय जुनी वही काढून त्याच्यापुढें उघडतात. पणजोबा कोणत्या सालीं आले होते, बरोबर कोण होतें, हें तींत लिहिलेलें असतें. ज्यानें पणजोबांना कधीं पाहिलें नाहीं, त्यालाही तें अक्षर पाहून क्षणभर भरून येतें. परंतु या आनंदाला एक अट आहे. तें नांव कोणी तरी लिहून ठेवलेलें असावें लागतें.

ही अट केवढी मोठी आहे, हें एका दांपत्याच्या प्रवासांवरून चांगलें ध्यानांत येतें. हें दांपत्य म्हणजे २००९ ते २०१७ पर्यंत अमेरिकेचे अध्यक्ष असलेले बराक ओबामा आणि त्यांच्या पत्नी मिशेलबाई. त्यांनीं जगाच्या पाठीवर पुष्कळ प्रवास केला. पण त्यांतले तीन प्रवास राजकारणाइतकेच घराण्याच्या शोधाचेही होते.

पहिला प्रवास २००६ च्या ऑगस्ट महिन्यांतला. ओबामा त्या वेळीं सिनेटचे सभासद होते. पत्नी व दोन लहान मुली यांना घेऊन ते पश्चिम केनियांतील कोगेलो या खेड्यांत गेले. त्यांचे वडील येथले. वडिलांची आणि आजोबांची समाधि घराच्या अंगणांतच आहे. येथें दप्तर नव्हतें. पण लुओ लोकांत पूर्वजांचीं नांवें पिढ्यान्‌पिढ्या तोंडानें सांगण्याची चाल आहे. तरुणपणीं एकटे आले असतां ओबामांनीं ही परंपरा आजीच्या तोंडून ऐकली होती, आणि १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनांत ती लिहूनही ठेवली होती. कागद नसला तरी स्मरण होतें.

दुसरा प्रवास २३ मे २०११ चा, आयर्लंडमधील मनीगॉल या गांवचा. आयर्लंडला असे पाहुणे नवे नाहींत. अध्यक्ष केनेडी १९६३ सालीं आपल्या पणजोबांच्या गांवीं येऊन गेले होते. अध्यक्ष रेगन व त्यांच्या पत्नी १९८४ सालीं बॅलिपोरीन येथें आल्या होत्या. ओबामांचें नातें मात्र कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें. तें आईकडून होतें. त्यांच्या पांच पिढ्या वरचे पूर्वज, म्हणजे खापरपणजीचे वडील, फॅल्मथ कार्नी हे मनीगॉलमधल्या एका जोडे शिवणाऱ्याचे चिरंजीव. १८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि त्यानंतरच्या सात वर्षांत सुमारें दहा लक्ष माणसें भुकेनें व तापानें दगावलीं. त्याहूनही अधिक देश सोडून गेलीं. १८४१ सालीं ऐंशी लक्षांच्या वर असलेली लोकसंख्या १८५१ सालीं पासष्ट लक्षांवर आली. या ओघांतच एकोणीस वर्षांचे कार्नी मार्च १८५० मध्यें न्यूयॉर्क बंदरांत उतरले आणि पुढें ओहायोंत शेती करूं लागले.

या घराण्याच्या नोंदी तेथल्या धर्मोपदेशकांना २००७ सालीं चर्चच्या जुन्या दप्तरांत मिळाल्या. त्या मिळणें हाही एक योगच होता. १९२२ च्या यादवींत डब्लिनचा सरकारी दप्तरखाना जळाला. त्यांत जुन्या खानेसुमारीचे कागद आणि तेथें आणून ठेवलेल्या शेंकडों चर्चच्या नोंदवह्या भस्मसात् झाल्या. जी वही स्थानिक चर्चकडेच राहिली, ती वांचली.

मनीगॉलची वस्ती उणीपुरी तीनशें. त्या दिवशीं वाऱ्यापावसांत रस्त्याच्या दुतर्फा हजारों माणसें उभीं होतीं. ज्या घरांत कार्नी कुटुंब राहत असे असें मानतात, तें घर उभयतांनीं आंत जाऊन पाहिलें आणि शेजारच्या मद्यगृहांत गांवकऱ्यांच्या संगतींत काळ्या बिअरचा पेला रिकामा केला. आयरिश आडनांवांत आरंभींच्या ‘ओ’ नंतर एक लहानसें चिन्ह देतात. संध्याकाळीं डब्लिनच्या सभेंत ओबामा विनोदानें म्हणाले कीं, आपल्या आडनांवांतलें तें चिन्ह वाटेंत कोठें तरी हरवलें, तें शोधावयास आपण घरीं आलों आहों. ‘घरीं’ हा शब्द त्यांना उच्चारतां आला, कारण एका वहींत एक नांव होतें.

आतां या दोहोंच्या मधला प्रवास. ११ जुलै २००९ रोजीं हें कुटुंब घाना देशांतील केप कोस्ट येथला समुद्रकांठचा किल्ला पाहावयास गेलें. त्याचा पाया स्वीडिश व्यापाऱ्यांनीं १६५३ सालीं घातला. १६६४ सालीं तो इंग्रजांच्या हातीं आला आणि पुढें आफ्रिकेंतून पकडलेल्या माणसांचा तो वाडा झाला. खालीं काळोखीं तळघरें, आणि त्यांच्याच वर प्रार्थनामंदिर. समुद्राकडे उघडणाऱ्या दरवाजाला ‘परत न येण्याचें दार’ म्हणतात. तेथून निघालेलें माणूस पुन्हां मायभूमि पाहत नसे. इंग्रजांनीं हा व्यापार १८०७ सालीं कायद्यानें बंद केला.

ओबामांचे वडील आपखुषीनें शिकावयास अमेरिकेंत गेलेले. पण मिशेलबाईंचे पूर्वज तेथें गुलाम म्हणून नेले गेले. त्यांची पितृभूमि आफ्रिकेंतच. पण ती नेमकी कोठें? कोणतें खेडें, कोणती भाषा, कोणतें दार? हें सांगणारी आजीही नव्हती आणि वहीही नव्हती. म्हणून त्यांना घर पाहतां आलें नाहीं; हजारोंच्या वतीनें एक दार तेवढें पाहतां आलें.

याचें कारण अमेरिकेच्या दप्तरांत आहे, आणि योगायोग असा कीं, तें त्याच १८५० सालांत सांपडतें. त्या वर्षीं अमेरिकेच्या खानेसुमारींत प्रथमच प्रत्येक स्वतंत्र माणसाचें नांव लिहिण्याचा नियम झाला. कालपरवां जहाजांतून उतरलेला भुकेला आयरिश मुलगाही या नियमानें नांव मिळविण्यास पात्र होता. पण बत्तीस लक्ष गुलामांसाठीं वेगळा तक्ता होता. त्यांत नांव मालकाचें. त्याखालीं गुलामाचें वय, लिंग आणि वर्ण, एवढेंच. १८६० सालींही तसेंच झालें. गुलामगिरी १८६५ सालीं संपल्यावर, १८७० च्या खानेसुमारींत या लोकांना नांवें मिळालीं. साउथ कॅरोलायनांतील फ्रेंडफील्ड नांवाच्या भाताच्या मळ्यावर १८५० च्या सुमारास जन्मलेले जिम रॉबिन्सन हे मिशेलबाईंचे वडिलांकडून खापरपणजोबा. त्यांची कबर त्याच मळ्यावर असावी असें मानतात. पण तिच्यावर नांव नाहीं. त्यांचा मुलगा फ्रेझर याचा एक हात लहानपणीं गेला होता. त्यानेंही पुढें जोडे दुरुस्त करून संसार केला. जोडे शिवणाऱ्या दोन घराण्यांत अंतर पडलें तें धंद्यानें नव्हे, दप्तरानें.

मिशेलबाईंच्या आईकडील गोष्ट याहून बोलकी आहे. १८५० सालींच साउथ कॅरोलायनांतील एका वृद्ध मालकानें मृत्युपत्र केलें. सूतकताईचे चरखे, विळे, टेबलावरचीं वस्त्रें आणि गुरेंढोरें यांच्याबरोबर त्यानें मेल्व्हिनिया नांवाची सहा वर्षांची एक मुलगी वारसांना लिहून दिली. १८५२ सालच्या मोजदादींत तिची किंमत ४७५ डॉलर धरली आहे. फॅल्मथ कार्नी ओबामांच्या जितक्या पिढ्या वर, तितक्याच पिढ्या मेल्व्हिनिया मिशेलबाईंच्या वर. तिचें नांव टिकलें, पण तें जिंदगीच्या यादींत.

मालकाच्या निधनानंतर ती दूर जॉर्जियांत त्याच्या लेकीजांवयाकडे गेली. तेथें १८६० च्या सुमारास तिला डॉल्फस हा मुलगा झाला. त्याचा पिता मालकाच्याच कुटुंबांतला होता, असें २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत वंशजांच्या जनुकीय चाचण्यांवरून निष्पन्न झालें. गुलाम मुलीच्या होकाराला किंवा नकाराला त्या काळच्या कायद्यांत अर्थच नव्हता. स्वातंत्र्य मिळाल्यावर मेल्व्हिनिया मुलांना घेऊन जॉर्जियाच्या दुसऱ्या भागांत गेली. तेथें तिला जुन्या मालकाच्या घरीं लहानपणीं बरोबर असलेलीं माणसें पुन्हां भेटलीं. तिच्या वंशजांनीं विमानांतून जो शोध केला, तो तिनें त्यापूर्वींच आपल्या परीनें केला होता. ती १९३८ सालीं वारली. मृत्युदाखल्यावर आईबापांच्या नांवाच्या जागीं ‘ठाऊक नाहीं’ अशी नोंद आहे.

२०१२ सालीं जॉर्जियांतील रेक्स या गांवीं, जेथें ती राबली त्या परिसरांत, तिच्या नांवाचा दगड उभारण्यांत आला. मनीगॉलजवळ हमरस्त्यावर २०१४ पासून ओबामांच्या नांवाचें विश्रांतिस्थान आहे. तेथें प्रवासी थांबतात, चहा घेतात आणि कार्नी घराण्याची हकीकत वाचतात. रेक्सच्या दगडापाशीं एवढी गर्दी नसेल. पण जें नांव गुरांबरोबर लिहिलें गेलें होतें, तें तेथें प्रथमच एका घराण्याच्या आईचें नांव म्हणून कोरलें गेलें आहे.

आपल्याकडे गुलामांचे तसे तक्ते नव्हते, म्हणून निर्धास्त राहण्याचें मात्र कारण नाहीं. पुष्कळ घरांतील वंशावळी उलगडून पाहिल्या, तर बापाखालीं मुलगा आणि मुलाखालीं नातू अशी ओळ सरळ उतरलेली दिसते; त्या मुलांच्या आयांचीं आणि बहिणींचीं नांवें तींत पुष्कळदां नसतात. तीं कोणी जाळलीं नाहींत; कोणी लिहिलींच नाहींत. ज्यांच्या घरीं पणजीचें नांव आणि तिचें माहेर सांगणारें वडीलधारें माणूस अजून आहे, त्यांनीं आज सायंकाळीं त्यांच्यापाशीं घटकाभर बसावें आणि तें नांव कागदावर उतरवून घ्यावें.