निद्राविज्ञान : इतिहास

शरीर व मन यांना ठराविक काळाने येणारी, सहज जाग येऊ शकेल अशी विश्रांतीची नैसर्गिक अवस्था म्हणजे निद्रा. निद्रेचा आरोग्याशी असलेला संबंध भारतीय वैद्यकास प्राचीन काळापासून ज्ञात आहे. चरकसंहितेत आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले असून पुष्टी, बल व आयुष्य ही निद्रेवर अवलंबून असल्याचे सांगितले आहे. निरोगी माणसाने दिवसा झोपणे सामान्यतः अहितकर ठरविले असले, तरी ग्रीष्म ऋतूत त्यास मुभा आहे. म्हणजे झोपेच्या प्रमाणाबरोबर तिच्या वेळेचाही विचार तेथे आढळतो. पाश्चात्त्य प्रायोगिक विज्ञान या दुसऱ्या मुद्द्याकडे बऱ्याच उशिरा वळले.

निद्रा म्हणजे मेंदूचे कार्य केवळ मंदावणे, ही समजूत दीर्घकाळ रूढ होती. हान्स बेर्गर यांनी १९२९ मध्ये मानवी मेंदूचा विद्युत् आलेख प्रसिद्ध केल्यावर झोपेचे मापन शक्य झाले. १९५३ मध्ये शिकागो येथे युजीन ॲसरिन्स्की व नेथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेतील शीघ्र नेत्रचलनाची अवस्था वर्णिली. या अवस्थेत मेंदू जवळजवळ जागृतीइतकाच क्रियाशील असतो.

क्लाइटमन यांचा त्यापूर्वीचा एक प्रयोग अधिक बोलका आहे. १९३८ मध्ये ते व त्यांचे तरुण सहकारी ब्रूस रिचर्ड्‌सन केंटकीतील मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले. तेथे सूर्यप्रकाश पोहोचत नव्हता आणि तापमान जवळजवळ स्थिर होते. दोघांनी २८ तासांचा ‘दिवस’ पाळला. रिचर्ड्‌सन त्याला सरावले. क्लाइटमन यांच्या शरीराचे तापमान मात्र २४ तासांच्या लयीनेच चढउतार करीत राहिले. ही लय राखणारे प्रमुख केंद्र अधोथॅलॅमसमध्ये असल्याचे १९७२ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले. तिच्यामागील रेणवीय यंत्रणेच्या शोधाबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

विजेच्या दिव्यांनी ही लय मोडणे सोपे केले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापडगिरण्यांत ते आले आणि कामाचा दिवस अंधार पडल्यानंतरही लांबला. १९११ च्या कारखाने अधिनियमाने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. बारा तास हीदेखील तेव्हा सुधारणाच होती. पुढे रात्रपाळी रूढ झाली. गिरणगावातील चाळींत एकाच खोलीत अनेक कामगार पाळीपाळीने झोपत. गोंगाटात व उजेडात मिळणारी ती झोप तुटकच असे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जैव लय बिघडविणारे पाळीचे काम २००७ मध्ये ‘बहुधा कर्ककारक’ या वर्गात घातले व २०१९ मध्ये रात्रपाळीबाबत ते वर्गीकरण कायम ठेवले. वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्यांपैकी बहुतेकांचे जैव घड्याळ त्या वेळापत्रकाशी पूर्णपणे जुळत नाही.